अड्ड्यावरची मंडळी : उसाच्या फडात एका प्रचारकाचा आठवडा

बीड जिल्ह्यातल्या बालाघाट डोंगरपट्ट्यातल्या एका गावची ही ख्रिस्ती मंडळी. दसरा-दिवाळी उलटली की रविवारच्या उपासनेला म्हातारी माणसं, आजी-आजोबांपाशी ठेवलेली शाळकरी पोरं आणि पेटीवाला एवढेच उरतात. बाकी सगळे उसाला गेलेले असतात. पाळकसाहेबांच्या अहवालात 'हजेरी कमी' असा शेरा पडतो आणि शिमग्याच्या पुढंमागं कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परतली की 'हजेरी समाधानकारक'. वर्षानुवर्षं हा शेरा असाच लिहिला जात होता.

मागच्या हंगामात मिशन समितीनं ठरवलं की मंडळी देवळाकडं, म्हणजे चर्चकडं, येऊ शकत नसेल तर प्रचारकानं मंडळीकडं जावं, आठवडाभर तिथंच राहावं. मी समितीचं समाजसेवेचं काम पाहतो. प्रचारकाची रोजनिशी, त्यानं मुकादमाच्या वहीतून उतरवून घेतलेला हिशोब आणि मध्ये मी स्वतः जाऊन पाहिलेलं, ऐकलेलं यावरून हे प्रकरण लिहिलं आहे. माणसांची, गावाची, कारखान्याची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. ज्यांना पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घ्यायची आहे त्यांची नावं छापून त्यांचं काही भलं होणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. त्या आठवड्यात प्रचारकानं केलेलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे एका रात्री त्यानं पैसे दिले नाहीत. समितीतल्या निम्म्या लोकांना हे अजून पटलेलं नाही.

अड्डा

कारखाना जालना जिल्ह्यात, गोदाकाठच्या कालव्याच्या पट्ट्यात. जायकवाडीचं पाणी आल्यापासून या बाजूला ऊस वाढला आणि बीडच्या माणसाला कोल्हापूर-सांगलीला न जाता मराठवाड्यातच कोयता चालवायची सोय झाली. सोय म्हणायची तर म्हणा. गावापासून अंतर कमी झालं, बाकी कोपी तीच. बांबूच्या कामट्या, वर ताडपत्री, आत तीन दगडांची चूल, धान्याची पोती आणि एका कोपऱ्यात गुंडाळलेली अंथरुणं. चाळीसेक कोप्यांचा हा अड्डा कारखान्यापासून थोडा दूर, एका पडीक रानात. पाणी टँकरचं. वीज नाही. आडोसा म्हणजे शेजारचा उभा ऊस, आणि तोही रोज थोडा थोडा तोडला जाणारा.

टोळी एकाच मुकादमाची, पण माणसं दोन-तीन गावांची आणि तीन समाजांची. वंजारी, मातंग, थोडे बौद्ध. मातंगांतली बरीच कुटुंबं आमच्या मंडळीतली. अड्ड्याच्या एका टोकाला हरिपाठ होतो, दुसऱ्या टोकाला आमच्यांचं भजन, आणि टाळांचा जोड एकच असल्यामुळं हरिपाठ उरकल्यावर टाळ इकडं येतात. हे कुणी ठरवून केलेलं नाही.

कायद्याच्या भाषेत ही माणसं निर्वासित नाहीत, कारण त्यांनी देशाची हद्द ओलांडलेली नाही. राज्याचीही ओलांडलेली नाही. म्हणून 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदाही, तो 2025 मध्ये नव्या कामगार संहितेत जाईपर्यंत, त्यांना लागू होत नव्हता. कर्नाटकात गेलेल्या कोयत्याला तो लागू होऊ शकत होता, जालन्यात आलेल्याला नाही. घरापासून एका रात्रीच्या अंतरावर, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या मुलखात, वर्षाचे पाच महिने ती ताडपत्रीखाली राहतात आणि त्या गावच्या कोणत्याही यादीत नसतात.

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, आषाढ-श्रावणात, घरात दाणा नसतो तेव्हा. या प्रकरणातल्या जोडीची उचल एक लाखाची. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तो टनाला साडेतीनशेच्या थोडा पुढं गेला. धडधाकट जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर रोजचे सव्वासातशेच्या आसपास. लाख रुपये फिटायला साधारण 137 दिवस लागतात, एकही दिवस न चुकता आणि वाटखर्चीला मुकादमाकडून एक रुपया न घेता. आणि अलीकडं बऱ्याच ठिकाणी हंगामच शंभर-सव्वाशे दिवसांत आटोपतो. उचल फिटत नाही ती आळसानं नाही, गणितच तसं आहे. उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते आणि माणूस त्याच मुकादमाशी बांधलेला राहतो. 1976 चा वेठबिगारीविरोधी कायदा वाचणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल, पण तो हातात घेऊन तहसीलमध्ये जाणारा कोयता मला अजून भेटलेला नाही. त्याला पुढच्या आषाढात उचल कोण देणार?

कागदावरचा कार्यक्रम

समितीनं दिलेला कार्यक्रम असा होता: रविवारी सकाळी उपासना, सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी सहा वाजता शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचं वाचन, दुपारी मुलांचं संडे स्कूल, एक दिवस बहिणींची सभा, शनिवारी परतीचा अहवाल. कार्यक्रम करणाऱ्यांपैकी कुणीही हंगामात अड्डा पाहिलेला नव्हता. मीही त्यात होतोच.

प्रचारक मात्र कोयत्याच्याच घरातला. वडिलांनी हयात ऊस तोडण्यात घालवली, याचं शिक्षण मिशनच्या वसतिगृहात झालं. अड्ड्यावर त्याला कुणी भाऊ म्हणालं नाही की पास्टर. सगळे 'मास्तर' म्हणत होते, पूर्वी गावोगाव मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्यांना म्हणायचे तसं. कार्यक्रमाचा कागद त्यानं पहिल्याच दिवशी घडी करून वहीत ठेवून दिला.

कारण टोळी पहाटे चारला निघते. थंडीत दव पडलेल्या उसात शिरायचं, पाचट अंगाला कापत असतं. नवरा तोडतो, बायको सोलते, मोळ्या बांधते. दुपारी गाडी आली की भरायला लागायचं, आणि गाडी कधी लागेल ते कारखान्याचा स्लिपबॉय ठरवतो. कधी चारला, कधी रात्री अकराला. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, ते बायकांनीसुद्धा. संध्याकाळचे सहा ही वेळ अड्ड्यावर अस्तित्वातच नाही. रविवारचंही तेच. कारखान्याचं गाळप रविवार ओळखत नाही.

सोमवारी तो फडात गेला आणि दिवसभर त्यांच्याबरोबर मोळ्या वाहिल्या. समितीतल्या एकानं नंतर विचारलं, मजुरी करायला पाठवलं होतं का. मला हा प्रश्न कोता वाटतो. तो फडात गेला नसता तर पुढं जे त्याला कळलं ते कळलंच नसतं.

मंगळवार रेशनमध्ये गेला. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेमुळं कुठल्याही दुकानातून अंगठा लावून धान्य उचलता येतं, राज्यात आणि राज्याबाहेरही. अड्ड्यावर हे बहुतेकांनी ऐकलेलं होतं, पण जवळच्या दुकानदारानं 'बाहेरचं कार्ड चालत नाही' म्हणून परत पाठवलं होतं. मास्तर कार्डांचे नंबर घेऊन गेला, दुकानदाराला ई-पॉस यंत्रावर नंबर टाकायला लावला आणि नाव समोर आल्यावर त्याला नाही म्हणता येईना. तरी सगळ्यांचं काम झालं नाही. काही घरांचं पूर्ण धान्य गावाकडं आजीनं आधीच उचललेलं होतं. अंत्योदयचं 35 किलो किंवा माणशी 5 किलो, ते गावच्या म्हाताऱ्यांनी खायचं की अड्ड्यावरच्या कमावत्यांनी, हे घराघरानं फोनवर ठरवावं लागलं, आणि एका घरात त्यावरून चांगलं भांडणही झालं.

पोरांचं सांगायचं तर संडे स्कूल पाचटाच्या ढिगावर भरलं. कडेवर धाकटं भावंड घेऊन आलेल्या पोरी जास्त. शेजारच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चालत जाण्याइतकी जवळ होती. गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड आणलं असतं तर तिथं त्यांना बसवून घेतलं असतं. कार्ड एकाकडंही नव्हतं. हे काम ऑक्टोबरात, गाडी भरायच्या आधी व्हायला हवं होतं; जानेवारीत त्याचं काही होण्यासारखं नव्हतं.

बुधवार

बुधवारी सकाळी कारखान्यात काही मोडतोड झाली, काट्यावर गाड्यांची रांग लागली आणि दुपारपर्यंत टोळीला निरोप आला की आज तोड बंद. अड्ड्याचा रविवार तो हाच. बायकांनी कपडे धुवायला काढले, कुणी आठवडी बाजाराला पळालं, गडी झोपले. मास्तरानं उपासनेची वेळ विचारली तर 'धुणं झाल्यावर' असं उत्तर आलं, आणि तो थांबला.

त्याच दुपारी एक आत्याबाई त्याच्याकडं आल्या. थोरल्या सुनेसाठी प्रार्थना करा म्हणाल्या. पहिलटकरीण, सातवा सरत आलेला. दोन दिवस डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी येते. दृष्ट झाली असेल असं शेजारणीचं मत होतं. मास्तर कोपीत गेला, प्रार्थना केली, आणि मग पाय दाखवायला सांगितलं. आत्याबाईंनी सुनेच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरेना.

मास्तराला वैद्यक येत नाही. पण मिशनच्या एका दवाखान्यात त्यानं वर्षभर वॉर्डात काम केलेलं होतं, आणि गरोदरपणातली सूज, डोकेदुखी आणि अंधारी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की थांबायचं नाही एवढं त्याला ठाऊक होतं. शेजारच्या गावच्या उपकेंद्रातली सिस्टर जागेवर होती हे नशीब. रक्तदाब 150 वर 100 निघाला. तिनं माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं, ते गावाकडं ट्रंकेत. मग गावच्या आशाताईला फोन, तिनं आत्याबाईंच्या घरी जाऊन कार्ड शोधलं, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला. चौथ्या महिन्यात रक्तदाब अगदी ठीक होता. म्हणजे हे नवीन, गरोदरपणामुळं उद्भवलेलं. सिस्टरनं चिठ्ठी दिली: आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

इथून प्रकरण अडलं. नवरा म्हणाला, 'उद्याची गाडी भरू द्या, परवा नेतो.' त्याचंही खरं होतं. एक दिवस कोयता बंद म्हणजे एक खाडा, आणि या टोळीत खाड्याला हजार रुपये उचलीत वाढत होते. बायको दवाखान्यात, सासू तिच्याजवळ, हा एकटा अर्धा कोयता. किती दिवस जातील कुणास ठाऊक. आधीच बाकी अंगावर निघायची चिन्हं होती. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, 'न्या की दवाखान्यात, मी कुठं अडवलंय? फक्त खाडा लागंल.' आणि मग मास्तराकडं वळून, 'नाहीतर तुमच्या मिशननं भरा. तुम्हाला तर डॉलर येत्यात.' भोवतीचे हसले. मास्तरही हसला असं रोजनिशीत लिहिलंय.

मुकादमाला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यानंही वाहतूक ठेकेदाराकडून पैसा उचललेला असतो, एखादा कोयता अर्ध्या हंगामात पळून गेला तर ती रक्कम त्याच्या डोक्यावर बसते, आणि त्यासाठी त्यानं स्वतःची जमीन गहाण टाकलेली असते. त्याची वही निर्दय आहे. तो माणूस तितका नव्हता. पुढं काय झालं ते पाहता हे लिहिणं भाग आहे.

रात्रीची बैठक

मास्तराच्या खिशात प्रवासखर्चाचे पैसे होते आणि मंडळीनं गोळा केलेलं थोडं दान होतं. पाच-सहा दिवसांचा खाडा त्यात भागला असता. बाईचा जीव धोक्यात, पैसा हाताशी. कुणीही दिले असते. त्यानं दिले नाहीत, आणि का दिले नाहीत हे त्यानं रोजनिशीत मोजक्या शब्दांत मांडलं आहे: आज मी दिले तर उद्यापासून गरोदर बाईचा खाडा ही मिशनची देणेदारी ठरते, दंड बरोबर आहे असं मीच कबूल केल्यासारखं होतं, आणि दोन कोप्या सोडून वंजाऱ्याची सूनही पोटुशी आहे, तिचं काय?

यातला शेवटचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आदल्याच दिवशी शेजारच्या गावची दोन पोरं मोटारसायकलवर येऊन चौकशी करून गेली होती, हा माणूस कोण, धर्मांतराला आलाय का. मुकादमानंच त्यांना 'आमच्या टोळीचा पाव्हणा हाय' म्हणून वाटेला लावलं होतं. मास्तराचा एक नियम होता: उपकेंद्रात, रेशन दुकानात जाताना पिशवीत शास्त्र न्यायचं नाही, आणि ज्याचं काम केलं त्याला त्या दिवशी उपासनेला बोलवायचं नाही. यायचं तर तो आपल्या पायानं येईल. मदत आणि प्रवचन एका पिशवीत घालू नये हे मला पटतं. समितीतल्या काहींना यात साक्ष देण्याची संधी वाया गेल्यासारखी वाटली.

उपासना त्या रात्री दोन भजनांवर आटोपली. प्रवचन झालंच नाही. मास्तरानं उभं राहून सरळ विचारलं की हिच्या वाटची मोळी कोण बांधणार. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक म्हातारा कोयतेवाला म्हणाला, 'सावड करू.'

सावड मराठवाड्याला नवी नाही. पेरणीला, खुरपणीला एकमेकांच्या रानात पाळीपाळीनं जायची जुनी रीत. उसात मात्र ती चालत नाही असं सगळे म्हणतात, कारण प्रत्येक कोयत्याचं टनेज वेगळं लिहिलं जातं आणि दुसऱ्यासाठी तोडलेला ऊस म्हणजे आपल्या उचलीतून गेलेला पैसा. म्हाताऱ्याचं म्हणणं होतं की रोज दोन कोयत्यांनी आपापल्या टनेजमधला थोडा भाग या जोडीच्या नावावर घालायचा, पाळी बदलत ठेवायची, म्हणजे कुणा एकावर भार येत नाही. खाडा माणसाच्या गैरहजेरीचा लागतो की टनेजच्या तुटीचा, हा प्रश्न मग थेट मुकादमाला टाकला. तो विचारात पडला. टनेज भरत असेल तर ठेकेदाराला त्याला उत्तर द्यावं लागत नव्हतं. 'भरून दिलं तर खाडा धरत नाही,' तो म्हणाला.

मास्तरानं तिथल्या तिथं ते त्याच्याच वहीत लिहायला लावलं आणि मोबाइलच्या उजेडात मोठ्यानं वाचून दाखवलं. पाळीत पहिली नावं आमच्या मंडळीतल्यांची लागली. मग हरिपाठवाल्यांपैकी दोघांनी आपली नावं घातली, त्यातला एक ती दुसरी पोटुशी सून असलेल्या घरचा. त्यानं एक अट घातली: 'मह्या सुनंच्या टायमाला हेच कलम.' तेही वहीत लिहिलं गेलं. पैसा दिला असता तर हे वाक्य वहीत आलं नसतं.

लगेच तिला आरोग्य केंद्रात नेलं. तोवर रक्तदाब 160 च्या वर आणि खालचा 110 च्या पुढं गेला होता, लघवीत प्रथिनं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देऊन 108 बोलावली आणि जालन्याच्या सरकारी स्त्री रुग्णालयात पाठवली. सासू बरोबर गेली. नवरा पहाटे चारला फडात होता.

वहीतला कोरा रकाना

गुरुवार-शुक्रवारबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मास्तर जालन्याला जाऊन-येऊन होता, मधल्या वेळात बायकांना उपकेंद्रात नेत होता. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 मध्ये सरकारनं समिती नेमली तेव्हा राज्यभर गाजावाजा झाला. अड्ड्यावर त्यातलं एवढंच पोचलं होतं की 'पिशवी काढायला आता सरकारी डॉक्टरची परवानगी लागते'. पाळीचे दिवस, आडोसा, न्हाणीघर हे प्रश्न होते तिथंच आहेत.

पण एका गोष्टीवर थांबायला हवं. समितीच्या अहवालाच्या छापील नमुन्यात एक रकाना होता: 'बाप्तिस्मा झालेले / न झालेले, नावनिशीवार'. मास्तरानं तो कोरा आणला. यावरून बैठकीत जोराचा वाद झाला.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना आजही नाही. म्हणजे अड्ड्यावरचा बौद्ध आपला धर्म कागदावर लिहून शिष्यवृत्ती घेऊ शकतो, आणि त्याच्या शेजारच्या कोपीतला मातंग चर्चच्या हजेरीपुस्तकात नाव आलं तर मुलाच्या जातीच्या दाखल्याला मुकू शकतो. हा प्रश्न तपासायला 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आमच्या मंडळीतली माणसं चार पिढ्या भजन म्हणतात आणि कागदावर हिंदू मांग आहेत. हे खोटेपण आहे असं म्हणणारे समितीत आहेत, विशेषतः शहरात नोकरीला असलेले, ज्यांच्या आजोबांनी हाच दाखला वापरून शिक्षण घेतलं. मास्तराचं उत्तर छोटं होतं: 'देवाला नावं ठाऊक आहेत. तहसीलदाराला मी का सांगू?'

मला त्याचं पूर्ण पटत नाही. मंडळीनं आपल्याच माणसांची यादी ठेवायला भ्यावं, ही काही चांगली स्थिती नव्हे. पण ती यादी अड्ड्यावर, उघड्यावर, रात्री मोबाइलच्या उजेडात करायची नाही हे बरोबर होतं.

जालना जिल्ह्याचं या बाबतीत जुनं नातं आहे. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथं आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, त्यात मांग आणि इतर दलित कुटुंबं राहायला आली. विहीर, शाळा, शेत, देऊळ, सगळं एका जागी. माणसाला वतनदाराच्या दारातून उठवून स्वतःच्या जमिनीवर बसवायचं, ही त्या काळची कल्पना. ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याची मंडळी करता येते. ताडपत्रीखालच्या मंडळीचं काय करायचं, याचं उत्तर त्या नमुन्यात नाही, आणि आमची समिती अजून त्याच नमुन्यानं विचार करते: आधी इमारत, मग माणसं.

एक उदाहरण देतो. अड्ड्यावर लोकांनी प्रभुभोजन मागितलं. प्रचारकाला ते देता येत नाही, त्याला दीक्षित पाळक लागतो. पाळकसाहेब तेव्हा डोंगरात रिकाम्या बाकांपुढं उपासना घेत होते, भाकर-प्याला मागणारी माणसं गोदाकाठी होती, आणि दोघांमध्ये एसटीचा एका दिवसाचा रस्ता होता.

हिशोब

बाळ आठव्या महिन्यातच काढावं लागलं. मुलगी, वजनानं कमी, नवजात बालकांच्या कक्षात ठेवली. आई वाचली, मुलगीही वाचली. सावड तीन आठवडे चालली. मध्ये दोनदा मोडली, एकदा पाळीवाल्या घरात ताप होता म्हणून आणि एकदा निव्वळ कंटाळ्यानं. तेव्हा मुकादमानं खाडा धरला. पट्टा पडला त्या दिवशीच्या वहीनुसार त्या जोडीच्या अंगावर बाकी निघालीच, पण सावड नसती तर जेवढी निघाली असती त्याच्या निम्म्याहून कमी. दुसऱ्या सुनेच्या वेळीही कलम पाळलं गेलं. तिचं बाळंतपण सुखरूप झालं.

समितीपुढं मी हे वाचलं तेव्हा सगळ्यात तीक्ष्ण आक्षेप कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या एका सदस्यानं घेतला. त्याचं म्हणणं असं: मुकादमाचा दंड रद्द करून घ्यायचा सोडून तुम्ही तो गरिबांच्या घामानं भरून दिलात, आणि वर त्याला मंडळीचं प्रेम म्हणता. आक्षेप खोडता येत नाही. खाडा हाच मुळात बेकायदा आहे, आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ याच माणसांसाठी आहे. फक्त मी त्याला एवढंच म्हणालो की त्या रात्री 108 यायला वेळ होता आणि महामंडळाचं कार्यालय बंद होतं. दोन्ही कामं करावी लागतील. जालन्यातल्या कामगार अधिकाऱ्याकडं अर्ज दिला आहे, नाव न देता, टोळीच्या स्थितीबद्दल.

समितीनं काही गोष्टी मान्य केल्या. पुढच्या हंगामात प्रचारक एकदा जानेवारीत न जाता आधी ऑक्टोबरात गावी आणि मग अड्ड्यावर जाईल, म्हणजे हमी कार्ड, रेशन आणि गरोदर बायकांची कार्डं गाडी भरायच्या आधी हातात पडतील. पाळकसाहेब हंगामात निदान एकदा अड्ड्यावर उपासना घेतील, कारखाना बंद असेल त्या दिवशी, मग वार कुठलाही असो. बाप्तिस्म्याचा रकाना नमुन्यातून काढला.

एका प्रस्तावावर मात्र ठरलं नाही. तो मास्तराचाच. मंडळीनं निधी उभारून आषाढात बिनव्याजी उचल द्यावी, म्हणजे मुकादमाची गरजच कमी होईल, असं त्याचं म्हणणं. खाड्याचे पैसे द्यायला नकार देणारा माणूस लाखाचा निधी मागतो म्हणून काहींना गंमत वाटली. त्याच्या मते यात विसंगती नाही: रात्री दिलेला पैसा दंडाला जातो, आषाढात दिलेला पैसा माणूस मोकळा करतो. मी प्रस्तावाच्या विरोधात बोललो. वसुली आली की वही आली, आणि पाळकसाहेबांच्या टेबलावर उचलीची वही ठेवलेली मला पाहायची नाही. मतं सारखी पडली. पुन्हा बैठक ज्येष्ठात आहे. त्यानंतर उशीर होईल, कारण मुकादम आषाढाच्या पहिल्या पावसालाच गावात पैसा घेऊन येतो.